अकरा शीटांची नदी

आमची ही एकतीस वर्षं भूमापन कार्यालयात आरेखक होती. मोजणीवाले उन्हातान्हात फिरून आकडे आणायचे आणि ही खिडकीजवळच्या उतरत्या टेबलावर त्या आकड्यांचे नकाशे करायची. आमच्या गावावरून जाणारी नदी तिच्या उगमापर्यंत अकरा शीटांवर पसरलेली आहे. ती अकराच्या अकरा शीटं हिच्या हाताखालून गेली होती, काही तर तीन-तीनदा. नदीचं पात्र सरकलं की नवं शीट, पूल पडला की नवं शीट, बेट वाहून गेलं की नवं शीट. तिची रेघ इतकी सरळ आणि एकसारखी यायची, की ऑफिसात तिला रेघताई म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर.

गंमत अशी, की नदी तिने पाहिली होती ती फक्त गावातल्या पुलावरून. पुढची साडेदहा शीटं नुसती कागदावर. मी बसचा ड्रायव्हर, पण माझा रूट हायवेचा; नदी माझ्याही वाट्याला कधी आली नाही. मुलगी लहान होती तेव्हा वेळ नव्हता आणि ती मोठी होऊन दुसऱ्या शहरात गेली तेव्हा माझा गुडघा गेला. अशी वर्षं निघून गेली.

ती रिटायर झाली त्याच वर्षी पुलाजवळ एक मोठा फलक लागला. पर्यटन विभागाने नदीकाठून सायकलची वाट आखली होती. गावापासून उगमाच्या तळ्यापर्यंत, एकशे बारा किलोमीटर. हिरव्या रंगात वाट, निळ्या रंगात नदी, मधेमधे जंगलं, तंबूची आणि चहाची चिन्हं. उद्घाटन सहा महिन्यांनी. लोक थांबून बघायचे, फोटो काढायचे. आम्ही भाजी घेऊन येत होतो. ही फलकासमोर थांबली ती थांबलीच. माझ्या हातातल्या पिशव्या जड व्हायला लागल्या.

"चल ना, काय एवढं बघतेस?"

"अहो, हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

तिने बोट ठेवलं. नदीला उजवीकडून एक मोठा ओढा येऊन मिळतो, तिथे हिरवी रेघ सरळ पलीकडे गेली होती. "इथे पूल नाही. एकोणीस वर्षांपूर्वीच्या पुरात गेला. चौथ्या शीटवरून मी स्वतः काढून टाकलाय."

दुसऱ्या दिवशी ती पर्यटन विभागात गेली आणि पिशवी धरायला मला सोबत नेलं. साहेब तरुण होते, तिशीचे. वागायला चांगले होते, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, कॉम्प्युटरवर उपग्रहाचा फोटो उघडला.

"हे बघा ना मॅडम, पूल दिसतोय."

"पुलाचे दोन खांब आहेत ते. आणि त्यांची सावली."

साहेबांनी फोटो मोठा केला, मान वाकडी करून पाहिला. "असेलही. पण मग वाट तिथेच थांबवावी लागेल. पलीकडे जायला हायवेच आहे, आणि ट्रकांमध्ये सायकलवाले मी सोडणार नाही. वाट होईल अडतीस किलोमीटरची."

"जंगलातून दुसरी वाट आहे," ही म्हणाली. "ओढ्याच्या दोन किलोमीटर वर. लाकडाच्या गाड्या जायच्या तिथून. जुन्या शीटवर दुहेरी तुटक रेघ आहे. वाहतूक बंद पडली म्हणून नव्या शीटवर गाळली."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "तुम्ही स्वतः गेलाय का कधी तिथे?"

ही म्हणाली, "नाही."

"तसं असेल तर मी कशाच्या आधारावर बदल करू? कोणी जाऊन बघितलं, नीट लिहून दिलं, तर मी स्वतः येईन बघायला. शब्द देतो."

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. पण घरी येईपर्यंत ही माझ्या दोन पावलं पुढेच चालत होती. जिना चढून दारात आल्यावर किल्ली शोधता शोधता म्हणाली, "मला सायकल शिकवाल का?"

सायकल घरात होतीच. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी चालवायला सांगितली म्हणून मी दोन वर्षांपूर्वी घेतली होती, आणि तेव्हापासून ती पॅसेजमध्ये उभी राहून छत्र्या आणि ओले टॉवेल सांभाळत होती. आमच्या डेपोच्या मागे जुनं आवार आहे, भंगारात निघालेल्या बस उभ्या असतात तिथे. वॉचमन माझ्या ओळखीचा. सकाळी सहाला आम्ही तिथे जायचो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी सायकल शिकणं म्हणजे काय असतं ते मी जवळून पाहिलंय. लहानपणी पडताना माणूस जमिनीपासून दोन फुटांवर असतो, आणि पडण्याची लाजही नसते. ही पडायची ती पूर्ण उंचीने. पहिल्या आठवड्यात कोपर सोललं, दुसऱ्या आठवड्यात ती एका बसच्या मागच्या बंपरवर जाऊन धडकली. गुडघा गेल्यावर डेपोत नव्यांना शिकवत मी शेकड्याने ड्रायव्हर तयार केलेत, त्याच सवयीने ओरडायचो, "चाकाकडे बघू नको! जायचंय तिकडे बघ!"

"ओरडू नका! मी काय बस आहे?"

शेजारच्या काकूंनी एकदा जिन्यात तिचं बँडेज बघून विचारलं, "या वयात कशाला गं हे?" ही म्हणाली, "याच्या आधीच्या वयात सुट्टी मिळाली नाही." आणि वर निघून आली.

तेविसाव्या दिवशी मी मागून सीट धरून धावत होतो, म्हणजे गुडघ्याच्या मानाने धावत होतो. मध्येच दम लागून थांबलो आणि ही पुढे गेली. आवाराला पूर्ण फेरी घालून आली. माझ्यासमोर ब्रेक दाबला, एक पाय टेकला, आणि म्हणाली, "तुम्ही कधी सोडलंत?" आमच्या लग्नात मी एवढा खूश नव्हतो, हे तिला सांगितलं तर ती रागावेल म्हणून अजून सांगितलेलं नाही.

माझ्यासाठी एक जुनी सायकल घेतली. दुकानदाराकडे होती ती पुढे टोपली लावलेली, फिकट गुलाबी. उंचीला नेमकी मला बसली. हिने रेकॉर्ड रूममधून जुन्या चौथ्या शीटची नक्कल रीतसर अर्ज करून मिळवली, गुंडाळून नळीत घातली आणि पाठीला बांधली. होकायंत्र, टेप, वही, चार उकडलेली अंडी, पाव, चहाचा थर्मास. मुलीला फोनवर सांगितलं तर ती आधी हसली, मग घाबरली, मग म्हणाली, "बाबा, तिला एकटीला पुढे जाऊ देऊ नका." मी म्हटलं, "अगं, मला मागे टाकून गेली नाही म्हणजे मिळवली."

नदीकाठचा तो पहिला दिवस मी कधी विसरणार नाही. रस्ता कच्चा होता पण सपाट. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला शेतं, मग गुरांची कुरणं, मग हळूहळू दाट होत जाणारी झाडं. मला ते सगळं नवीन होतं. हिला काहीच नवीन नव्हतं.

"आता नदी डावीकडे वळेल," ती म्हणायची, आणि नदी वळायची. "इथे एक लांबट बेट आहे, माशासारखं." पन्नास पावलांवर बेट! "पलीकडे चुन्याची भट्टी असेल, पडकी." होती. मी तीस वर्षं एकाच रस्त्यावर गाडी चालवली तरी मला माझा रस्ता इतका पाठ नव्हता. मधेच तिने सायकल थांबवली आणि पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं दमली.

"काय झालं?"

"काही नाही. हिचा रंग मी नेहमी एकच द्यायचे. तो निळा. ही तर बघा ना..." पाणी तिथे मातकट होतं, पुढे हिरवं, आणि खडकांपाशी पांढरं. तिने डोळे पुसले नाहीत, पण चष्मा पुसला.

रात्रीपुरते एका धर्मशाळेसारख्या साध्या लॉजमध्ये उतरलो आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास ओढ्यापाशी पोचलो. पूल नव्हता. दगडी खांब दोन, एकावर झुडूप उगवलेलं. खाली पाणी खळाळत होतं, छातीभर तरी असेल. एक आख्खा फलक, एक ऑफिस आणि एक उपग्रह यांच्यापुढे आमची ही बरोबर निघाली होती. मी मोठ्याने हसलो. ती हसली नाही. "हे तर मला माहीतच होतं," ती म्हणाली. "काम पुढेच आहे."

ओढ्याच्या अलीकडे वनखात्याची चौकी होती. तिथली वनरक्षक अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची मुलगी, पायात जड बूट, कमरेला शिट्टी. तिने आमच्याकडे, मग माझ्या गुलाबी सायकलीकडे पाहिलं आणि हसू दाबलं. हिने शीट टेबलावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले.

"मावशी, नऊ वर्षं मी या जंगलात फिरतेय," ती मुलगी म्हणाली. "तिकडे गाडीवाट-बिडीवाट काही नाही. नुसतं काटेरी रान आहे."

"वाट त्रेपन्न नंबरच्या हद्दीच्या दगडापासून सुरू होते. तो पाहिलायस?"

"बावन्न आहे. चौपन्न आहे. त्रेपन्न वाहून गेला असं आमच्या रजिस्टरला आहे."

"दगड डोंगरावर आहे, पोरी. वाहून कसा जाईल?"

मुलीने रजिस्टर उघडून ते पान परत वाचलं. मग तिने कोयता घेतला आणि म्हणाली, "चला. सापडला तर माझाच फायदा."

नदीच्या वळणावर एक खडक होता, तो शीटवरही होता. तिथे ही उभी राहिली. होकायंत्र हातात धरलं, दिशा घेतली. "इथून एकशे चाळीस मीटर. माझी दीडशे पावलं म्हणजे शंभर मीटर. तर दोनशे दहा." आणि मोजत चालायला लागली. पुढे ती मुलगी कोयत्याने झुडपं बाजूला करत, मागे मी काटे काढत. चढ होता. दोनशे आठ, दोनशे नऊ, दोनशे दहा. ही थांबली.

काहीही नव्हतं. काटे, पालापाचोळा आणि एक सरडा.

मी इकडे तिकडे पाहिलं. वनरक्षकाने कोयता खाली टेकवला. मला हिच्या चेहऱ्याकडे बघवेना. एवढ्या लांबून येऊन, एवढं पडून-धडपडून, हातात काय तर सरडा. मी म्हटलं, "जाऊ दे गं, आपण उद्या परत..."

"थांबा. बोलू नका."

ती खाली खडकाकडे बघत होती. मग पायाखालच्या चढाकडे. मग तिने कपाळावर हात मारून घेतला आणि एकदम हसली. तिचं असं हसणं मी बऱ्याच वर्षांनी ऐकलं.

"कागदावरचं अंतर सपाट असतं हो! चढावर पाऊल आखूड पडतं. एकतीस वर्षं टेबलावर बसून काढली, चढ कुठे चढले होते मी?" तिने तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "अजून अठरा पावलं."

सोळाव्या पावलाला तिचा बूट कशालातरी अडखळला. वनरक्षकाने गुडघे टेकून पाला बाजूला केला, कोयत्याच्या पाठीने शेवाळ खरवडलं. आधी पाच दिसला, मग तीन. ती मुलगी तशीच गुडघ्यांवर बसून मागे वळली.

"मावशी, तुम्ही इथे कधी आला नव्हतात म्हणालात ना?"

"नाही आले."

"मग मी नऊ वर्षं काय करत होते?"

दगडापासून पुढे वाट दिसायला हिची नजर लागत होती, पण एकदा दिसली की सुटत नव्हती. दोन्ही बाजूंना कवेत न मावणारी झाडं, आणि मध्ये गाडीच्या रुंदीचा एक सपाट पट्टा, त्यावर सगळी झाडं मनगटाएवढी. डोंगराच्या पोटाला धरून ती वाट वर गेली, खिंडीतून पलीकडे उतरली. तीन तास चाललो. माझा गुडघा ओरडत होता, त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही. आणि खाली ओढा आला. रुंद, पसरट, शांत. त्यात या काठापासून त्या काठापर्यंत मोठाल्या दगडांची फरशी बसवलेली होती, आणि तिच्यावरून घोट्याएवढं पाणी जात होतं. हिने बूट काढले, कपडे वर खोचले आणि चालत पलीकडे गेली. पलीकडे उभी राहून तिने आमच्याकडे पाहिलं. हात वगैरे काही केला नाही. नुसती उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. वनरक्षक माझ्या कानाशी म्हणाली, "काका, फोटो काढा ना!" मी इतक्या घाईत बटण दाबलं, की फोटोत निम्मी नदी आली आणि हिचं डोकं उडालं. तरी तो फ्रेम करून लावलाय.

घरी आल्यावर तिने बावीस पानांचा अहवाल लिहिला. प्रत्येक वळण, प्रत्येक चढ-उतार, कुठे सावली, कुठे पाणी, कुठे सायकल हातात धरून चालावं लागेल ते सगळं. सोबत नवा नकाशा, हाताने काढलेला. साहेबांनी शब्द पाळला. तीन आठवड्यांनी ते स्वतः आले, झगझगीत सायकल घेऊन. वनरक्षक आणि तिच्या माणसांनी तोवर झुडपं साफ केली होती. खिंडीच्या चढावर साहेब सायकलवरून उतरले, मीही उतरलो. ही नाही उतरली. सर्वात लहान गिअर लावून, मुंगीच्या चालीने, पण बसून वर गेली. साहेब धापा टाकत मला म्हणाले, "काका, या किती वर्षं सायकल चालवतात?"

"चार महिने."

फरशीवर साहेबांनी वाकून एक दगड हाताने हलवून पाहिला. मग म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी मी विचारलं ते तुम्हाला लागलं असेल."

"लागलं," ही म्हणाली. "बरं झालं लागलं ते."

आधी ठरलेल्याच दिवशी उद्घाटन झालं, एकशे सोळा किलोमीटरच्या वाटेचं. एक्केचाळीस सायकलस्वार आले होते, त्यात कॉलेजची पोरं होती, एक दंतवैद्य नवरा-बायको होते, आणि आमची मुलगीही होती, जिला शेवटच्या दिवशी आईला काही केल्या गाठता न आल्याने रडू यायचं होतं. साहेबांनी छापील नकाशा हिच्या हातात दिला. कोपऱ्यात लिहिलं होतं, "मोजणी व आरेखन", आणि खाली तिचं पूर्ण नाव. ऑफिसच्या शीटांवर कायम वरिष्ठांची सही असायची, आरेखकाचं नाव छापायची पद्धत नव्हती. तिने ते वाचलं, आणि पहिलं वाक्य काय बोलली? "अक्षरं जरा डावीकडे कललीत." पण नकाशा घडी न घालता घरी आणला.

तीन दिवसांनी आम्ही सगळे उगमाच्या तळ्यावर पोचलो. अकरावं शीट. एवढंसं तळं, कडेला दगड, आणि एका फटीतून पाण्याची हाताएवढी धार बाहेर पडते, तीच ती नदी. मुलीने आईला विचारलं, "कशी वाटली?" ही म्हणाली, "मी काढली होती त्यापेक्षा बारीक आहे." आणि ओंजळीने पाणी प्यायली.

याला आता तीन वर्षं होतील. दर दोन महिन्यांनी आम्ही वाट तपासायला जातो. ते काम आता रीतसर तिच्याकडे आहे. बाणांचा रंग उडाला असेल तर ती परत देते, कुठे झाड पडलं तर वनरक्षक आधी हिला फोन करते, मग आपल्या साहेबांना. माझा गुडघा डॉक्टरांना न जुमानता सुधारला, म्हणजे डॉक्टरांनीच सांगितलं होतं त्यामुळे सुधारला, पण ते मी त्यांच्यापाशी कबूल करत नाही.

गेल्या आठवड्यात फरशीपाशी बसून अंडी सोलत होतो. तेवढ्यात एक तरुण जोडपं उतारावरून आलं, हँडलवर नकाशा लावलेला. दमलेले होते, जरा गोंधळलेलेही. मुलीने विचारलं, "मावशी, ही वाट बरोबर आहे ना? पलीकडे जाता येतं ना नक्की?"

"बरोबर आहे," ही म्हणाली. "घोट्याएवढं पाणी आहे. पुढे सहा किलोमीटर प्यायचं पाणी नाही, इथेच बाटल्या भरून घ्या." आणि मीठ लावून अंडं खायला लागली.

एवढंच! एक अक्षर जास्त नाही. ती मुलं आभार मानून बाटल्या भरायला वाकली. माझ्याच्याने राहवेना. मी उठलो, त्यांच्या हँडलवरच्या नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे नाव वाचा. वाचलंत? आता तिकडे बघा. त्या बसल्यात."

मग काय, फोटो झाले, प्रश्न झाले, तो मुलगा तर वाकून शीट, रेघ, दगड सगळं विचारत बसला. मी त्रेपन्न नंबरच्या दगडाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, सरड्यासकट. ती दोघं पलीकडे निघून गेल्यावर हिने मला खिंडीच्या माथ्यापर्यंत झापलं. "काय गरज होती? लोक काय म्हणतील? प्रत्येक वेळी तुमचं हेच. मागच्या खेपेला त्या दंतवैद्यांच्या पाहुण्यांपुढे पण हेच केलंत."

मी गुलाबी सायकलवर तिच्या मागून चढ चढत होतो. म्हटलं, "झालं का बोलून?"

"नाही झालं."

"मग चालू दे. पण पुढे कोणी भेटलं तर मी परत सांगणार."